रोट संपेपर्यंत

माझं काम मेलेल्या माणसांविषयी विचारपूस करण्याचं आहे. असं सांगितलं की लोक जरा मागे सरकतात, म्हणून हल्ली मी नुसतं ‘आरोग्याच्या सर्वेक्षणात आहे’ म्हणते. सुरतेत कितीतरी माणसं घरीच मरतात, नाहीतर दवाखान्याच्या वाटेवर, आणि ती कशाने गेली हे कुठेच नोंदलं जात नाही. मग आमच्या संशोधन प्रकल्पातली एक बाई त्या घरी जाते. ताप होता का, दम लागत होता का, डोळे पिवळे झाले होते का, लघवी होत होती का, असं सगळं विचारून उत्तरं टॅबमध्ये भरते. पुढे दोन डॉक्टर, ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलेलंही नसतं, ती वाचून मरणाचं कारण ठरवतात. कोणता रोग कुठे फिरतो आहे, औषध कुठे वेळेवर पोचत नाही, ते असंच कळतं. काम चांगलं आहे. मला त्याचा अभिमानही आहे आणि वैतागही.

लिंबायत, डिंडोली, उधना इकडे आमची खानदेशी वस्ती दाट, म्हणून मला घेतलं. दुःखाच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे ‘दारावर जाणं’ म्हणतात. दारावर बाई आली की घरातल्या बाया आधी तिच्या गळ्यात पडून रडतात, बोलणं नंतर. मी कोण, कुठली, हे सांगायच्या आतच कुणीतरी माझ्या गळ्यात पडलेलं असायचं. प्रकल्पाचे साहेब म्हणायचे, तुमच्या मुलाखती फार लांबतात. मी म्हणायचे, साहेब, तुम्हीच या एकदा आणि ‘रडू नका’ म्हणून सांगा त्यांना. ते काही आले नाहीत. नव्या मुलींना मी शिकवायचे की आधी खाली बसा, दिलेलं पाणी प्या, त्यांना रडू द्या. आणि निघताना ‘येते’ म्हणायचं नाही. अशा घरातून न बोलता उठायचं असतं.

आणखी एक गोष्ट शिकवायचे. प्रत्येक घरी शेवटी आपल्यालाच एक प्रश्न विचारला जातो. लवकर नेलं असतं तर वाचला असता का हो? त्याचं उत्तर द्यायचं नाही, ‘ते डॉक्टर ठरवतात’ एवढंच म्हणायचं. नियम तसा बरोबरच आहे. हे वाक्य मी इतक्या घरांत बोलले होते की ते बोलताना मला काही वाटेनासं झालं होतं.

माझा धाकटा भाऊ श्रावणात गेला. पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये होता, लग्न व्हायचं होतं, वडील गेल्यापासून आई त्याच्याजवळ राहायची. त्या पावसाळ्यात खाडीचं पाणी वस्तीत शिरलं आणि कितीतरी दिवस तो गुडघाभर पाण्यातून कामावर जात-येत राहिला. पायाला जखम होती. त्यातच कानबाई आली.

कानबाई ही आमची खानदेशाची देवी. सुरतेला येऊन पिढी गेली तरी ती काही सुटली नाही, उलट इथे जास्तच थाटात बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे आणि त्याचे रोट करायचे. हे रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, ज्याचा वाटा त्याने संपवायचा, मग चार-पाच दिवस लागले तरी. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीलाही ते चालत नाहीत, तिचं कूळ वेगळं झालं. म्हणून त्या दिवसांत मी माहेरी जात नाही. लहानपणी ज्या रोटांवरून आम्ही दोघं भांडायचो, त्यांच्यासाठी मी परकी झाले, याचा मला दरवर्षी राग येतो.

त्या वर्षीही गेले नाही, फोन केला. आई म्हणाली, “सर्व बरं शे वं.”

तसं ते नव्हतं. रोटाच्या दिवशीच त्याला ताप भरला होता. अंग ठणकत होतं, चालवत नव्हतं. दवाखान्यात भरती केलं तर त्याच्या वाटणीचा रोट तसाच राहील, देवीचा कोप होईल, असं आईला वाटलं. चुलत्यांनीही मान डोलावली, रोट संपू दे, मग नेऊ. त्याला घास गिळवत नव्हता. आई दुधात कुस्करून त्याला थोडं थोडं भरवत राहिली. रोट संपले त्या दुपारी रिक्षा बोलावली, आणि दवाखान्याच्या फाटकातच तो गेला. मला फोन आला तेव्हा मी बारडोलीकडे एका ऊसतोड्याच्या घरी बसून त्याच्या बायकोला तापाबद्दल विचारत होते.

दिवसकार्य झालं, काही आठवडे गेले. आईची वस्ती प्रकल्पातच होती, त्यामुळे या घरीही कुणीतरी विचारायला येणार हे ठरलेलंच. नात्यातल्यांची मुलाखत आपण घ्यायची नसते, म्हणून कतारगामची एक गुजराती मुलगी आली. मीच तिला शिकवलेलं. ती आधी खाली बसली, पाणी प्यायली. आई तिच्या गळ्यात पडून केवढ्यांदा रडली! मी भिंतीला टेकून बघत होते आणि मला त्या पोरीचा हेवा वाटला. भाऊ गेल्यापासून आई माझ्या गळ्यात एकदाही पडली नव्हती. माझ्याकडे धड बघतही नव्हती. घरात ताप-रोगातलं कळणारी मी एकटी, तिला माझी भीती वाटत होती.

आईला बाजारापुरतं हिंदी येतं, पण मुलाच्या मरणाबद्दल ती आपल्याच बोलीत बोलणार. मधे दुभाषी म्हणून मला बसावं लागलं.

“माँजी, बुखार आने के कितने दिन बाद अस्पताल ले गए?” मुलीने विचारलं.

मी ते आमच्या बोलीत विचारलं. आई म्हणाली, “रोटना दिन ताप उना. रोट सरनात तवय लयी गयूत.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. टॅबला ‘रोट संपले तेव्हा’ चालत नाही, आकडा लागतो. मी आकडा सांगितला. पुढचा प्रश्न होता, उशीर का झाला. मी आईला तो विचारला, तिने खाली मान घालून सांगितलं, “त्याना वाटाना रोट व्हता ना,” आणि मी त्या मुलीला कानबाई समजावली. माझा आवाज अगदी कामावरच्यासारखा होता. पोटऱ्या दुखत होत्या का? दुखत होत्या. डोळे? हळदीसारखे. लघवी? शेवटी झालीच नाही. एकेका उत्तरासरशी माझी खात्री पटत गेली. दोन डॉक्टरांची गरज नव्हती. उंदरांच्या मुताने नासलेल्या पाण्यातून हा रोग येतो, इथे सगळे त्याला लेप्टो म्हणतात. सुरुवातीलाच ओळखला तर साध्या गोळ्यांनी बहुतेक माणसं उठून बसतात. अशा गोळ्या माझ्या पिशवीतही असायच्या, पाण्यात काम करणाऱ्यांना वाटायला दिलेल्या.

प्रश्न संपले. आईने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता त्या मुलीकडे बोट केलं.

“तिले इचार, दुसरा दिन लयी जातूत ते वाचता का तो?”

मुलीला शब्द कळले नसतील, पण ‘लवकर नेलं असतं तर’ हा प्रश्न कळला. तिने माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य तिला पाठ होतं, मीच पाठ करून घेतलं होतं. तिने तोंड उघडायच्या आत मी आईजवळ सरकले.

“नही वं माय. नही वाचता. काहीच उपाय नव्हता त्याले.”

कितीतरी दिवसांनी आईने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग म्हणाली, “सर्वासले आसंच सांगस का तू? दारवर जास तठे?”

“हो,” मी म्हटलं.

“मंग त्या मायासले झोप लागत व्हई,” ती म्हणाली आणि तिने माझा हात धरला.

मुलगी उठली. काही न बोलता तिने चपला घातल्या आणि गेली, अगदी शिकवलं होतं तसं. मला ती सगळी दारं आठवायला लागली, डिंडोलीची, उधन्याची, बारडोलीची, आणि तिथल्या बाया, ज्यांना मी ‘डॉक्टर ठरवतात’ म्हणून सांगून उठले होते. त्यांच्यापैकी किती जणी अजून जाग्या असतील? मी आईच्या गळ्यात पडले आणि दारावर आलेल्या बाईसारखी मोठ्याने रडले.