बाहेरचा व्यापारी उठला की

१८ ऑगस्ट, शेवटचा श्रावणी सोमवार. बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, साठवलेला कांदा निवडायचा होता. एरवी दोन बाया मदतीला येतात, पण ओतूरला यात्रा असल्यामुळे त्या दिवशी कोणी येणार नव्हतं. पाऊस हटत नव्हता. ओल धरली की कांदा आतून सडतो, आणि एक सडला की त्याला टेकलेले चारही जातात. म्हणून उपास असूनही पोतं अंथरून बसले.

बराखी एकच आहे, मधे बांबूची ताटी. अलीकडे माझा कांदा, पलीकडे धाकट्या जावेचा. वाटण्या झाल्या तेव्हा सगळंच असं मधे रेघ मारून झालं. रस्ता रुंद करायला शेताच्या कडेची पट्टी गेली, त्याचा मोबदलाही दोन्ही घरांत सारखाच आला. आम्ही ट्रॉली घेतली आणि उरलेलं बँकेत ठेवलं. त्या ठेवीची मुदत नुकतीच संपली होती, पैसे खात्यावर नुसते पडून होते. जावेनं पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचं ऐकून सगळ्याचे सरकारी रोखे घेतले. म्हणजे सरकारला दहा वर्षांसाठी पैसे द्यायचे, दर सहा महिन्यांनी ठरलेलं व्याज घ्यायचं आणि मुदत संपली की मुद्दल परत.

तेव्हा मी हसले होते. पुढे हसू गेलं. ट्रॉली टायर मागते, वेल्डिंग मागते, ड्रायव्हर मागते. तिचे रोखे काहीच मागत नाहीत. सहा महिने झाले की तिचा फोन वाजतो, आणि ती तो मेसेज अंगणात येऊन, मला ऐकू जाईल अशा आवाजात वाचते. पहिल्या व्याजात कपडे धुण्याचं मशीन आलं, दुसऱ्यात ओट्याला ग्रॅनाइट. त्या ओट्यावरून मी एकदा हात फिरवला आणि घरी येऊन माझा कडप्पा घासत बसले. मला तिचा हेवा वाटतो. त्यात आडपडदा कशाला?

तर त्या सोमवारी ती फोन हातात धरूनच बराखीत आली.

"ताई, लई वाईट झालंय. ते अमेरिकेचं टॅरिफचं भांडण लागलंय ना, त्यापायी फॉरेनवाले सरकारी रोखे विकून चाललेत. टीव्हीवर तेच चाललंय. हे बघा, लाल आकडा."

मी हात पुसून बघितलं. लाल होता. जिवाला गार वाटलं.

"मग?"

"मग काय, विकते रातच्याला. पोरीला सांगते. तुमीच म्हणता ना, बाहेरचा व्यापारी उठला की माल घरी न्यायचा नाय, मिळंल त्या भावात द्यायचा."

हे बोलणं माझंच. आमच्याकडे कांदा मार्केटला मीच नेते. परगावचे व्यापारी बोली सोडून गेले की मी पाच मिनिटं थांबत नाही, आणि बहुतेक वेळा माझंच बरोबर निघतं. त्यामुळे घरात या बाबतीत माझा शब्द चालतो. नुसतं "हो" म्हणायचं होतं. तिनं तोटा खाल्ला असता आणि मेसेजचं वाचन कायमचं बंद झालं असतं.

मी कांदा निवडत राहिले. तीही ताटीपलीकडे आपल्या ढिगापाशी बसली.

"बोला की, ताई."

"निवडू दे."

एका कांद्यात माझं बोट सरळ आत गेलं. वरून चांगला लाल, आत पाणी. तो बाहेर फेकला आणि तिथंच डोक्यात आलं. व्यापारी उठल्यावर आपण विकतो ते का? माल थांबत नाही म्हणून. कांदा टिकला असता तर त्या व्यापाऱ्यांना कोणी विचारलं असतं?

"काय गं, तुझ्या रोख्यांना कोंब फुटतो का?"

"आँ?"

"ठेवून सडतात का?"

"सडतील कशानं? नुसते फोनमदीच हायेत."

"व्याज कमी झालं?"

"न्हाई. ठरलंय तेवढंच येणार."

"आणि मुदत संपल्यावर?"

"घातलं तेवढं समदं."

"मग लाल काय झालंय?"

"आज विकाय गेलं तर कमी येतंय."

"मग विकू नको."

तिनं फोन पोत्यावर ठेवला. "म्हंजी फॉरेनवाले येडे व्हय?"

"त्यांना पैसे दुसरीकडं न्यायचे असतील. तुला कुठं न्यायचेत? आता भिंतीलाबी ग्रॅनाइट लावतीस का?"

"माजा ओटा खुपतोय तुमाला," ती हसत म्हणाली.

"खुपतोय."

तिचा जीव भांड्यात पडला असावा, कारण ती भराभर निवडायला लागली. निवडता निवडताच म्हणाली, "पोरगी म्हणत व्हती, आता जे रोखे घेतील त्यांना माझ्यापरीस जास्त सुटंल. भाव पडलाय आन् व्याज तेवढंच. मीच घाई केली."

माझा हात थांबला. ताटीमुळे तिला तो दिसला नसेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून झाल्यावर मी गोठ्यामागे गेले आणि पुतणीला फोन लावला. माझी ठेव मोकळी झालीय, आईचे आहेत तसलेच रोखे मला आजच्या भावात घेऊन दे, आणि आईला यातलं काही बोलू नको, असं तिला सांगितलं.

ती खळखळून हसली. "मोठी आई, आईनं रात्रीच सांगून ठेवलंय. म्हणाली, सकाळी गोठ्यामागून फोन येईल, तयारीत राहा."

पलीकडे जावेचं कपड्यांचं मशीन सुरू झालं होतं. मी पुतणीला थांबायला सांगितलं आणि घरात जाऊन पॅनकार्ड शोधलं.