आधी माझ्या गालाला

पार्लरवालीचा एक नियम होता: आधी माझ्या गालाला, मग गिऱ्हाइकाच्या. औषधाच्या दुकानातून गोरेपणाच्या ट्यूबा आणायच्या, स्टीलच्या वाटीत एकत्र कालवायच्या, स्वतःला लावून बघायचं आणि चेहरा उजळला की मगच डब्या भरायच्या. बाकीच्या पार्लरवाल्या गिऱ्हाइकांना टोप्या घालतात, आपण नाही, असं ती नाक वर करून सांगायची. ती खोटं बोलत नव्हती, हेच तर दुर्दैव.

एकदा ती तापानं अंथरुणाला खिळली आणि मलम लावायचं राहिलं. चारच दिवसांत गाल पेटले, लाल झाले, काळवंडले. उठल्याउठल्या तिनं मलम फासलं. आग थांबली, तिचा जीव भांड्यात पडला. मलमाशिवाय काय होतं बघा, म्हणाली! आग लावणाऱ्यालाच तिनं विझवणारा ठरवलं. पुढे गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, तेव्हा आपलीच कातडी नाजूक असेल म्हणत तिनं त्या पावडरीखाली झाकल्या. कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

बाळंतपणानंतर तिच्या धाकट्या बहिणीच्या गालांवर वांग आला. घरची डबी असताना परक्याकडे कोण जाणार? वांग गेला, धाकटी खूश झाली. पण वर्ष सरता सरता तिचा चेहरा सुजला, पुळ्यांनी भरला, वांग आधीपेक्षा गडद होऊन परतला. बाळानं गालाला हात लावला तरी ती कळवळायची.

थोरलीच तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वाटीत काय काय कालवलंय ते ऐकून बाईंचा चेहरा उतरला.

"यात जहाल स्टेरॉइड आहे. हे असं महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावत नाहीत. मी सांगेन तसंच सोडायचं. मध्ये चेहरा आणखी भडकेल, तेव्हा डबीला हात लावलात तर सगळं पहिल्यापासून. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा. वांगाचं नंतर बघू. सावकाश जाईल, थोडा राहीलही."

स्वतःच्या गालांबद्दल मात्र थोरली मूग गिळून बसली.

काही आठवड्यांनी धाकटी तोंडाला रुमाल बांधून पार्लरमध्ये आली.

"ताई, एकच बोट दे गं. आग सोसवत नाही. घरातले म्हणतात, अशी बाहेर जाऊ नकोस."

"नाही."

"तू लावतेसच की! तुझा चेहरा बघ कसा आहे."

थोरलीनं नळ सोडला आणि साबणानं तोंड खसाखसा धुतलं. मग ती दिव्याखाली बहिणीसमोर बसली. तोच लालपणा, त्याच शिरा, गालांच्या कडेला तेच काळे डाग.

"हे कधीपासून?"

"तुला डबी दिली, त्याच्या आधीपासून. मला वाटलं, माझ्याच कातडीत खोट आहे."

धाकटीनं रुमाल पुन्हा घट्ट बांधला.

"आधी माझ्या गालाला, म्हणायचीस ना?"

ती निघून गेली. डबी तिनं पुन्हा कधी मागितली नाही. ताई म्हणून हाकही मारली नाही.