विश्व पसरतं तेव्हा रडायचं कोणी

शिरड शहापूरच्या फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे, त्यामुळे जगातल्या बऱ्याच भानगडी मला फुकटात कळतात. विश्वाचीही अशीच कळली.

तांड्यावरच्या नानीबाईचं काम म्हणजे रडायला शिकवणं. बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, म्हणजे सुरात रडते. हल्लीच्या पोरींना ते जमत नाही, म्हणून लग्नाआधी त्यांना नानीबाईकडे धाडतात. ती स्वतः रडलेली मात्र कोणी पाहिली नव्हती. शिकवणारीला ते परवडत नाही, असं ती म्हणे.

तिची नात पुजा आकाशाचा अभ्यास करायला पुण्याला निघाली. बसची वाट बघत दोघी माझ्या बाकड्यावर बसल्या. पुजाचा बाप रामप्रसाद बॅग धरून उभा.

"काय शिकवतेत तिथं?" नानीबाईनं विचारलं.

"विश्व कसं झालं ते. आधी सगळं मोहरीहून बारीक जागेत होतं, दादी. मग पसरायला लागलं. अजून पसरून राहिलं. सगळं एकमेकांपासून लांब चाललंय."

"काहून? भांडण झालं?"

"न्हाई. मधली जागाच वाढून राहिली."

"शेजारच्या सोनाजीनं आपला बांध कोरला, तवा तर न्हाई वाढली." नानीबाईनं जरा विचार केला. "मंग घर सोडून कोण चाललं?"

"सगळेच. पण जो तो म्हणतो, मी इथंच आहे, दुसराच लांब चालला."

"आन् निघताना ढावलो कुणी म्हणलं?"

"तवा कुणी नव्हतंच, दादी."

नानीबाईचं तोंड कडू झालं. न रडता निघायचं, ही काय रीत झाली? "तू तरी म्हण," ती म्हणाली.

पुजा हसली. "मी काय लग्न करून चालले का?"

तेवढ्यात बस आली. पुजा पाया पडून उठली, तशी नानीबाईनं तिच्या गळ्यात पडून स्वतःच ढावलो सुरू केलं. सगळी बस खिडक्यांत जमली.

"नवरदेव कुठंय?" कंडक्टरनं विचारलं.

"नवरदेव न्हाई. पोरगी शिकाया चालली," रामप्रसाद म्हणाला.

कंडक्टरनं घंटी मारली नाही. दार धरून उभा राहिला. गिऱ्हाईक समोर होतं, तरी माझा चहा उतू गेला.

बस गेल्यावर मी नानीबाईला पाणी दिलं. तरी बोलल्याशिवाय राहवेना; रीत म्हणजे रीत.

"नानी, ढावलो जाणारीनं म्हणायचं असतं. तुमी काहून म्हणलं? आन् सूर बी चुकला."

ओढणीनं डोळे पुसत ती म्हणाली, "तिनंच सांगितलं की. तिच्या बाजूनं पाह्यलं तर मीच लांब जाऊन राहिले."