सत्तावीस नंबर कुठे गेली?

बोळिंजला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझी अँटेना आहे. हॅम रेडिओच्या या नादापायीच मी राजस्थानात, वाळवंटातल्या सायकल शर्यतीला स्वयंसेवक म्हणून गेलो. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. माझ्या चौकीवरून गेलेल्या प्रत्येकाचा नंबर पुढच्या चौकीला रेडिओवरून कळवायचा, हे माझं काम.

दुपारी पुढच्या चौकीवरच्या पुण्याच्या बाईंचा आवाज आला, "सत्तावीस नंबर अजून आली नाही. ओव्हर."

ती तर तासाभरापूर्वी माझ्याकडे पाणी पिऊन गेली होती. मधे एकच सरळ वाट, आडोशाला झाडसुद्धा नाही. मग ही गेली कुठे? मी मदतीची जीप पाठवायला सांगितलं आणि कानाला हेडफोन लावून बसलो. काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर कुतूहल त्याहून जास्त होतं.

अर्ध्या तासाने जीपवाला रेडिओवर हिंदीत बोलू लागला, तोही हसत हसत. वाटेत एका मेंढपाळाची शेळी विताना अडली होती आणि सत्तावीस नंबर जनावरांची डॉक्टर निघाली. दोन पिल्लं झाली, दोन्ही उभी राहिली. आता मॅडम जीपमध्ये बसायला तयार नाहीत, सायकलवरच निघाल्यात.

मी हे पुढे कळवलं.  पुण्याच्या बाई म्हणाल्या, "पाट की बोकड? विचारा ना. ओव्हर."

मी विचारलं. एक पाट, म्हणजे मादी, आणि एक बोकड.

सत्तावीस नंबर संध्याकाळी शर्यत संपायच्या ठिकाणी सगळ्यांच्या शेवटी पोचली. तिला बघायला आम्ही सगळे चौक्या आवरून तिथे येऊन थांबलो होतो.