इथं अडलात तर इथंच लिहा

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसत सांगितलंत, की ऑफिसात नव्यानं आलेल्या मुलीनं काही विचारलं तर "सगळं लिहिलेलं आहे, शोध" म्हणून तिला वाटेला लावलंत. मला हसू आलं नाही. राग आला, आणि उमरग्याच्या क्लासवाल्या अक्का आठवल्या. म्हणून आजच लिहायला बसले.

हायवेलगतच्या एका दवाखान्याच्या माडीवर अक्कांचा संगणकाचा क्लास होता. शिकणाऱ्याला संगणकावर त्या कामाच्या माहितीचं पान उघडून द्यायच्या आणि शेजारीच हात पाठीमागं बांधून उभ्या राहायच्या. तो अडला तरी गप्प. "म्या सांगितलं तर मग पान कशाला?" म्हणायच्या. त्यांचा दंडकच होता: जो अडला, त्यानं वाट सापडल्यावर ती त्याच पानावर लिहायची, मगच उठायचं. "एकदा शहाणं झालं की खड्डा कुठं होता ते आठवत न्हाय."

जळकोटची रेखा, दोन लेकरांची आई, त्यांच्याकडं शिकायची. तिनं खालच्या दवाखान्यासाठी पेशंटचे नंबर लावणारा प्रोग्राम केला. तामलवाडीच्या डॉक्टरांनीही मागितला, पण तो चालायचा फक्त तिच्याच संगणकावर. दुसरीकडं बसवायचा तर त्याचं पॅकेज करावं लागतं, म्हणजे लागेल ते सगळं एका पुडक्यात बांधावं लागतं. ते कसं बांधायचं हे, ज्या मंडळींची साधनं वापरून तिनं प्रोग्राम केला होता, त्यांच्या वेबसाइटवर होतं म्हणे. शोधलं की जुनंच पान वर यायचं, आणि त्यातल्या कमांड केव्हाच बंद पडलेल्या. रेखा म्हणाली, घरचे म्हणतात तेच खरं, हे माझ्या डोक्याचं काम नाही, सोडते.

अक्कांनी मला बोलावलं. "बाई, तुमचं इंग्रजी लई चांगलं. तुम्ही बसा."

जन्मभर इंग्रजी शिकवलं मी. शब्द न शब्द कळत होता, पण नवं पान मिळत नव्हतं. शेवटी ते जुन्या बैठकांच्या वृत्तांतांखाली निघालं. अक्का रेखाकडं वळल्या. "बघितलंस? डोस्कं तुझं बरोबर हाय. घर त्यांचं वाकडं हाय."

रेखानं जुनं पान दुरुस्त करून त्या मंडळींना पाठवलं. उत्तर आलं, दुरुस्ती पाठवायची पद्धत आधी वाचा. ती पद्धत त्याच ढिगात, त्याहून खाली होती! अजूनही माझा संताप होतो. मदतीला आलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवायचं, आणि वर नवी माणसं येत नाहीत म्हणून रडायचं.

अक्का भांडल्या नाहीत. प्रत्येक नव्या शिकणाऱ्याला त्या वेबसाइटवर बसवायचं आणि कुठं अडला ते त्याच्याच हातानं त्या मंडळींना कळवायला लावायचं, एवढंच त्यांनी चालवलं. कंटाळून का होईना, मंडळी हलली आणि वेबसाइट नव्यानं मांडली. तोवर अक्कांनी अंथरूण धरलं होतं. रेखानं फोनवर नवं पान दाखवलं, तर म्हणाल्या, "दुरुस्तीचं बटण कुठंय?"

वरच होतं. त्या समाधानानं पडून राहिल्या. पुढं पंधरवड्यात गेल्या.

ऑफिसातल्या त्या मुलीला उद्या शेजारी बसवा, आणि हात पाठीमागं ठेवून ती कुठं अडते ते बघा. क्लासच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. त्या वेबसाइटवर अक्कांचं नाव कुठंही नाही, याची मला चीड आहे. रेखाचा प्रोग्राम तामलवाडीत चालतो. आणि त्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर, सगळ्यांत वर, अक्कांच्या दंडकाची ओळ आहे: इथं अडलात तर इथंच लिहा.