तीस मीटर साखळी आणि अण्णा

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पिशवीत वर्षासाठी नवी साडी ठेवली, तेव्हाच मला कळलं की ही नुसती सहल नाही. डोंगरकडा गावचं एक स्थळ तिच्यासाठी आलं होतं. "तिचं काम मला पटलं न्हाई तर घेऊनच येतो पोरीला," ते म्हणाले. माझी धाकटी बहीण वर्षा गोव्याला हॉटेलात नोकरीला गेली, तिथून बोटीवर रमली आणि परीक्षा देऊन आता पाहुण्यांना फिरवणाऱ्या कॅटामरानची कप्तान झाली आहे. शेळ्यामेंढ्यांमागं जन्म गेलेल्या अण्णांना हे फोनवर पटणारं नव्हतं. ती मालवणला येणार होती, म्हणून आम्ही सेनगावहून निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगते. हिंगोलीपर्यंत जीप, मग परभणीला एसटी, तिथून कोल्हापूरची स्लीपर आणि पुढं घाटातून मालवणची एसटी. घाटात पोट ढवळतं, पुढची सीट धरा. मालवणात अडीचशेला सुरमईची थाळी मिळाली आणि मी ती एकटीनं फस्त केली. अण्णांनी घरच्या भाकरी-चटणीवर भागवलं.

कॅटामरान म्हणजे दोन लांब होड्या शेजारी जोडून वर घर बांधावं तसं प्रकरण. दुपारी आम्हाला बोटीवर घेऊन तारकर्लीसमोर आल्यावर वर्षानं बोटीचं तोंड वाऱ्याकडं केलं, नांगर खाली सोडला आणि बोट हळूहळू मागं जाऊ दिली. पाणी पाच मीटर खोल, पण साखळी सुटतेच आहे.

"एवढी काहून सोडून राहिली? आखूड बांध. जनावर आखूड दाव्याला गप राहतंय."

"अण्णा, तुमी खुटा उपटता तेव्हा कसा ओढता?"

"वर. सरळ वर."

"आखूड साखळी नांगराला तसंच वर ओढते. लांब सोडली की आडवी ओढते, मग तो वाळूत रुततो."

वर्षानं तीस मीटर साखळी सोडली. दोन्ही होड्यांच्या टोकांचे दोर साखळीला जोडले, म्हणजे ओढ दोन्हीकडं बराबर. मग इंजिनं उलटी चालवून नांगर ताणून पाहिला. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागची पाण्याची टाकी तिनं एका रेषेत धरली. ही रेषा हलली नाही तर बोटही हलली नाही. माझा तर ऊर भरून आला.

तासाभरात वारा वाढला. बाजूला उभी असलेली एक छोटी पर्यटक बोट खडकांकडं सरकू लागली. तिच्यावरचा माणूस घाबरून नांगराचा दोर आत ओढत होता. वर्षा हाक मारणार, तेवढ्यात अण्णा कठड्याला धरून उभे राहिले. मेंढरं हाकून कमावलेला आवाज.

"ओढू नको! सोड! आणिक सोड!"

त्यानं दोर सोडला. बोट आणखी थोडी मागं गेली, हिसका बसला आणि खडकांच्या अलीकडं थांबली. आमचा माड टाकीसमोरून तसूभरही हलला नव्हता. अण्णांनी तो दोनदा पाहिला.

संध्याकाळी निघताना त्यांनी साडी काढून वर्षाच्या हातात दिली. "ठेव. सुट्टीला येशील तवा नेसून ये." वर्षा त्यांच्या पाया पडली आणि रडली. मीही रडले.

घरी येऊन आठवडा झाला. काल जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात अण्णांना आणि मला ते स्थळ आणणारे मामा भेटले. "पोरगी आणली न्हाई काहून?" मी फोटो दाखवायला मोबाईल काढला, तर अण्णांनी हात आडवा केला. काठीनं मातीत दोन होड्या काढल्या, त्यांच्यापासून दोन तिरप्या रेघा ओढून एकत्र आणल्या.

"हे माझ्या वर्षाचं जहाज," ते म्हणाले, आणि तिथून पुढं साखळीची रेघ ओढत गेले, पार मामांच्या चपलांपर्यंत. मामांना दोन पावलं मागं सरकावं लागलं.