गुडघाभर पाणी

आमचा किनारा आणि समोरचा किल्ला यांच्यामध्ये समुद्राची उथळ पट्टी आहे. तळाशी लाव्हा थिजून झालेला सलग काळा कातळ, वर दोन बाजूंच्या प्रवाहांनी आणून टाकलेली वाळू. ओहोटीला लोक किल्ल्यावर चालत जातात. भरतीची वेळ इथे तिथीवरून काढतात : तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट. काल अष्टमी होती, म्हणजे भरती सहाला.

तीन वाजता एक पर्यटक मुलीला खांद्यावर घेऊन निघाला. सुकी मासळी विकणारी पारूमावशी ओरडली, "ओ दादा, पाणी फिरलंय!"

"गुडघाभर तर आहे, मावशी."

ज्याला समुद्र आपल्या गुडघ्याने मोजायचा असतो, त्याला तिथीचा हिशेब कोण शिकवणार? अर्ध्या वाटेवर पाणी छातीला लागलं. मुलगी त्याचे केस धरून किंचाळत होती. शेवटी एका होडीवाल्याने दोघांना ओढून काढलं.

"पाणी अचानक वाढलं हो," किनाऱ्यावर येताच पर्यटक म्हणाला.

"अचानक? रोज दोनदा येतंय मेलं," पारूमावशी म्हणाली.

तो भिजलेला मोबाइल झटकत बसला. मुलीने नाक पुसून विचारलं, "आजी, उद्या किती वाजता येणार?"

"नवमी. पावणेसात."

मुलगी बोटांवर हिशेब करू लागली.